ओलीचा कडता

एसटीतून निवृत्त झालो तेव्हा डेपोत माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि चार जणांनी भाषणात सांगितलं की आता आराम करा. तो कसा करायचा हे कुणीच सांगितलं नाही. उभा जन्म कंडक्टरकीत गेलेला, त्यातला बराचसा खरोखरच उभ्यानं. घरी बसून राहायचं म्हटलं की माझे पाय वळवळत. बायको अंगणातून नळाकडे निघाली तरी मला वाटायचं, हिनं तिकीट घेतलं का?

आमचं गाव अकोट-अकोला रस्त्यावर. काळी माती, कपाशी, तूर. रस्त्यावर थांबा आहे, थांब्याला शेड आहे, आणि शेडमध्ये बकऱ्या असतात. मुलगा चाकणला कंपनीत. तो दिवाळीला येतो आणि आल्या आल्या परतीच्या रिझर्व्हेशनचं बोलतो. घरात मी, बायको, सून आणि नात. नात तेव्हा भिंतीला धरून धरून चालायला लागली होती.

सून बारावी झालेली. लग्नानंतर तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला आणि अकोल्याच्या कॉलेजात सरकारी जागेवर तिचा नंबर लागला. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मी अजून नोकरीत होतो, आणि त्या योजनेला मी दिवसभर शिव्या देत असे. आधी ज्या बाया वर्षातून दोनदाच, एकदा माहेरी आणि एकदा दवाखान्यात जायला गाडीत चढत, त्या आता अकोल्याला कशाला निघाल्या हे सांगायच्याही भानगडीत पडेनात. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, सुट्ट्या पैशांचा दुष्काळ. मी चिडून म्हणायचो, सरकारनं बायांना अर्धं तिकीट दिलं आणि कंडक्टरला पूर्ण डोकेदुखी. मग माझीच सून त्याच अर्ध्या तिकिटावर रोज सकाळी अकोल्याला जायला लागली, आणि माझं मत हळूच बदललं. घरात कुणी त्याचा उल्लेख केला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

प्रश्न नातीचा होता. मला वाटत होतं, आजी आहे, सांभाळेल. पण बायको वेचणीच्या टोळीची म्होरकी. कापूस फुटला की वीस-पंचवीस बाया तिच्या हाकेनं वावरात उतरतात. तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, "मी चार लेकरं वावराच्या धुऱ्यावर वाढवले. तवा तुमी अमरावतीच्या गाडीवर राहे. आता तुमी रिकामे हा, तुमी सांभाळा." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.

मी सांभाळलं. एक आठवडा. त्या आठवड्यात नातीनं माझा चष्मा पाण्याच्या माठात टाकला, माझ्या सत्काराच्या शालीवर जे करायचं ते केलं, आणि मी जेवायला बसलो की नेमकी माझ्या ताटात येऊन बसली. पन्नास उतारूंची गाडी मी एकट्यानं सांभाळली आहे, पण हा एकच उतारू माझ्यानं आवरेना.

तेवढ्यात गावात पाळणाघर आलं. कामावर जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी सरकारची योजना. विहाराला लागून आमचं समाजमंदिर आहे, तिथं ते सुरू झालं. आधी पाटी आली, मग पाटी लावायला माणूस आला, मग बऱ्याच दिवसांनी पाळणे आले. सेविका म्हणून आमच्याच वस्तीतली बी.ए. झालेली मुलगी नेमली गेली, आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस बाई. माझं योजनांबद्दल एक मत आहे. सरकारची योजना एसटीसारखी असते: उशिरा येते, खिळखिळी असते, पण हात दाखवला तर थांबते. मी हात दाखवला. पहिल्या दिवशी पहिली नात आमची.

सेविकेनं कागदोपत्री एक पालक समिती केली. तिला दोन वडीलधारी माणसं पाहिजे होती. कडुनिंबाखाली पत्ते खेळत बसलेले आम्ही दोघंच तिला दिसलो, मी आणि मापारी. तीन महिन्यांतून एकदा बैठक आणि बैठकीला चहा, एवढंच काम, असं ती म्हणाली. आम्ही पानं खाली न ठेवताच सह्या केल्या.

मापारी म्हणजे माझा जुना मित्र. अकोटच्या बाजारात त्यानं आयुष्यभर कापूस तोलला. तो एकादशी करणारा, मी विहारात वंदनेला जाणारा, आणि आमचं भांडण फक्त पत्त्यांवरून. माणूस सचोटीचा. पण बाजाराची एक सवय त्याच्या हाडात मुरलेली होती. बाजारात माल काट्यावर चढला की पोत्याचं वजन, धूळ आणि ओल यांच्यापोटी वजनातून थोडं कापतात, त्याला कडता म्हणतात. आता कायदा काय म्हणतो ते वेगळं, पण मापाऱ्याच्या तोंडून कडता वजा न करता आकडाच निघत नसे. मुलीच्या लग्नात त्यानं सोनाराला विचारलं होतं की दागिन्यात ओल किती धरली. वय विचारलं तर सांगायचा, "कडता काढून पासष्ट." आम्ही हसायचो. हसून सोडून द्यायची गोष्ट वाटायची.

दिवाळी झाली, कापूस फुटला आणि मदतनीस बाई वेचणीला निघून गेली. तिला दोष कोण देणार? वेचणीत रोख पैसा हातात पडतो, आणि तिचं मानधन येतं तेव्हा ते कोणत्या महिन्याचं आहे हे ओळखणं हाच एक अभ्यास. शिवाय जाताना तिनं आपलं स्वतःचं लेकरूही पाळणाघरात ठेवलं. सेविका एकटी पडली. पंधरा लेकरं, एक बाई. एक दिवस ती कडुनिंबाखाली आली आणि म्हणाली, पालक समितीची तातडीची बैठक आहे. आम्ही चहाच्या आशेनं गेलो. चहा नव्हता. तिनं माझ्या हातात एक लेकरू दिलं, मापाऱ्याच्या हातात एक दिलं आणि खिचडी बघायला निघून गेली.

अशी आमची दुसरी नोकरी सुरू झाली. बिनपगारी.

मी पाळणाघर एसटीच्या पद्धतीनं चालवलं, कारण मला दुसरी पद्धत येत नव्हती. शिट्टी वाजली की सगळे भिंतीला लागून बसणार. खिडकीजवळची जागा लहानांना. दारात कुणी उभं राहायचं नाही, कारण फुटबोर्डवर उभा राहिलेला उतारू मला कोणत्याही वयात चालत नाही. सेविका हसायची, पण लेकरं ऐकायची. मापारी खिचडी वाढायचा, आणि त्याच्या हातून प्रत्येकाच्या ताटलीत सारखी खिचडी पडायची, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

झोपवायचा प्रश्न होता. मला अंगाई येत नाही. चार लेकरांचा बाप असून मला अंगाई येत नाही, यावर बायकोनं एकदा मान हलवली तेवढंच. मग मला जे पाठ होतं ते मी म्हणायला लागलो. आमच्या गाडीचे थांबे. अकोट, चोहोट्टा बाजार, गांधीग्राम, अकोला. मग अकोल्याच्या पुढे बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. डुलत डुलत, गाडीच्या चालीवर. गांधीग्रामला पुलाची हवा लागावी तसे डोळे मिटायला लागायचे. अकोल्याला अर्धे उतरायचे. मूर्तिजापूरच्या पुढे कुणीच जात नसे. एकटी माझी नात चिवट, ती बडनेऱ्यापर्यंत टिकायची आणि मगच मान टाकायची. अमरावती आम्ही कधी पाहिलीच नाही.

महिन्यातून एकदा लेकरांची वजनं घ्यायची आणि सेविकेनं ती मोबाईलवर भरायची, असा नियम. पाळणाघराला दिलेला विजेवरचा काटा आला तेव्हापासूनच मुका होता. म्हणून त्या महिन्यातही आढ्याला अडकवायचा जुना घड्याळी काटा काढला; मदतनीस होती तोवर त्याची सुई सेविका स्वतः वाचायची. त्याला झोळी, झोळीत लेकरू, वर सुई फिरते. काटा बघून मापाऱ्याचा चेहरा असा खुलला की निवृत्त झाल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. त्यानं हात धुतले, काट्याला हात जोडले, आणि म्हणाला, या कामात कुणी मधे बोलायचं नाही.

मग बाजारातल्यासारखा पुकारा सुरू झाला. बाजारात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पहिलं लेकरू 'लाभ' म्हणून चढलं. एकेक झोळीत जात होतं, सुई थांबत होती, मापारी डोळे बारीक करून ताल धरत आकडा सांगत होता. सेविकेच्या काखेत एक रडणारं, पायाला एक लटकलेलं. तिनं सुईकडे बघितलंच नाही. जो आकडा कानावर आला तो मोबाईलमध्ये दाबला. मी रांग सांभाळत होतो. माझी नात झोळीत गेली तेव्हा तिनं झोळीतच ओलं केलं आणि वरून हसली. मापाऱ्यानं मान हलवली आणि आकडा सांगितला. काम झाल्यावर तो घाम पुसत मला म्हणाला, इतका चोख काटा बाजारातही झाला नसेल. मी त्याला त्या दिवशी चहा पाजला.

काही दिवसांनी पर्यवेक्षिका म्याडम स्कुटीवरून आल्या. चांगली बाई, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या मोबाईलवर आमचं गाव लाल झालं होतं. मागच्या महिन्यात जी लेकरं हिरवी, म्हणजे वजनात ठीक होती, ती एका महिन्यात पिवळी आणि लाल. वरून फोनवर फोन येत होते की गावात साथ आली का, खिचडी विकली का, काय झालं. आणि सगळ्यांत वाईट लाल कोण, तर माझी नात. तीव्र कुपोषित. तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन आठवडे भरती करायचं आणि सोबत आई पाहिजेच, आजी-आजोबा चालणार नाहीत, असा नियम म्याडमनी वाचून दाखवला. गाडी उद्या सकाळी येईल. ती गाडी मिळवायला त्या दोन दिवस भांडल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, उद्या सकाळी सून अमरावतीला जाणार आहे. परवापासून तिची परीक्षा आहे, तिथंच केंद्र आहे. परीक्षा बुडाली की वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं की सरकारी जागा गेली, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे. म्याडमनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की परीक्षा पुन्हा येईल, लेकराचं असं नसतं. मी नातीकडे बघितलं. ती मापाऱ्याच्या नातवाच्या ताटलीतली खिचडी ओढून खात होती.

संध्याकाळी सून अकोल्याहून आली. अमरावतीत तिची मावशी राहते, तिच्याकडे राहून पेपर द्यायचे ठरलेले. बॅग सकाळपासून भरून दाराशी ठेवलेली होती. मी सांगितलं ते तिनं उभ्यानं ऐकलं. मग आपल्या पिशवीतून दंड मोजायची कागदाची पट्टी काढली, नातीच्या दंडाला लावली. हिरवा आला. पुन्हा लावली. पुन्हा हिरवा. बायको म्हणाली, लेकरू भोपळ्यासारखं आहे, मोबाईलले डोळे हायत का. पण सुनेचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती पट्टी तशीच धरून बसली होती.

"वजन तं खोटं नसते ना, मामाजी," ती म्हणाली. "मी वॉर्डात दुसऱ्याइचे लेकरं पायतो. माझ्याच घरचं मले कावून नाई दिसलं? मी तं हेच शिकून राहिली."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, दाराशी ठेवलेली बॅग उघडली, पुस्तकं काढून फळीवर ठेवली, आणि त्याच बॅगेत नातीची झबली भरायला लागली. मला राग आला तर मी बडबड करतो, तशी केली. सरकारवर, म्याडमवर, मोबाईलवर, चाकणच्या कंपनीवर. बायको म्हणाली, "चूप बसा आता. तुमच्या बोलन्यानं लेकराचं वजन वाढून नाई राहिलं." मी गप्प बसलो. चाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा सांगितल्याबरोबर गप्प बसलो असेन.

पण बायको स्वतः गप्प बसली नाही. ती तरातरा मापाऱ्याच्या अंगणात गेली आणि चार लोकांत त्याला म्हणाली की भाऊ, तुमचा काटा खोटा आहे. मापाऱ्याला कुणी चोर म्हटलं असतं तर तो एकवेळ हसला असता. काटा खोटा, हे त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो जेवला नाही, असं त्याच्या सुनेनं नंतर सांगितलं.

सकाळी आम्ही थांब्यावर गेलो. सुनेच्या खांद्याला झबल्यांची बॅग, कडेवर नात. मी फळीवरची पुस्तकं आणि तिच्या दोन साड्या दुसऱ्या पिशवीत भरून, ती पिशवी हातात घेऊन मागे. सुनेनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तरी कुठं माहीत होतं की मी ती कशाला आणली आहे? अमरावतीची गाडी यायला थोडा वेळ होता. दवाखान्याची पांढरी गाडी आधी आली. म्याडम उतरल्या, सेविका धावत आली, टोळीच्या बाया वावरात जायच्या ऐवजी रस्त्यावर जमल्या. बकऱ्या बाजूला झाल्या.

आणि गावातून मापारी आला. धुतलेलं धोतर, टोपी, आणि दोन्ही हातांत पाळणाघराचा काटा, झोळीसकट. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. शेडच्या लोखंडी पाइपाला काटा अडकवला. किराणा दुकानातून पाच किलोची साखरेची बंद थैली मागवली आणि झोळीत ठेवली. सुई बरोबर पाचावर. त्यानं माझ्या बायकोकडे बघितलं.

"काटा खरा हाये का खोटा, म्याडम? तुमीच सांगा."

म्याडम म्हणाल्या, खरा आहे. बायकोनं साखर काढली, सुनेच्या कडेवरून नात घेतली आणि झोळीत ठेवली. नातीला झोळी ओळखीची, तिनं पाय हलवले. सुई डुलली आणि थांबली. साडेनऊ. मी दोनदा वाचलं. तिकिटाचे बारीक आकडे वाचण्यात माझी नोकरी गेली आहे, साडेनऊच होते. आणि त्याच वेळी मापाऱ्यानं डोळे बारीक करून, बाजारच्या तालात, सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा पुकारला: "आठ."

सगळे सुईकडे बघायला लागले. म्याडम पुढे झाल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, की काटा तर साडेनऊ दाखवतो आहे. मापाऱ्याला त्यांच्या अडाणीपणाची कीव आली असावी. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं.

"थो कच्चा काटा झाला. पक्कं वजन कडता काढून असते. झबलं, करदोडा, पायातले वाळे. आज कोरडी हाये म्हनून आठ. त्या दिवशी पोट्टी ओली होती, ओलीचा कडता अलग काढला."

म्याडमनी विचारलं, सगळ्यांचा काढला? मापारी म्हणाला, सगळ्यांचा, माझ्या नातवाचाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, ह्याच्या नातीचा थोडा जास्तच काढला, कारण मित्राच्या नातीला सूट दिली असं उद्या कुणी म्हणू नये. बाजारात क्विंटलमागे जो कडता असतो तो माझ्या मित्रानं आमच्या गावात लेकरामागे लावला होता. सेविका खाली बसली. मला वाटलं तिला घेरी आली, पण ती हसत होती, पदर तोंडात कोंबून. टोळीच्या बाया हसायला लागल्या. मापारी मात्र उभाच, काय चुकलं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबानं तो लेकरांना फसवणुकीपासून वाचवत होता.

म्याडमनी गाडीतून स्वतःचा विजेचा काटा काढला. त्यावरही साडेनऊ. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, तुमची पट्टी बरोबर होती. सुनेनं नातीला झोळीतून उचललं आणि छातीशी धरलं, इतकं घट्ट की नात ओरडली. आता तिला रडू आलं. मी दुसरीकडे बघितलं, आणि दुसरीकडून अमरावतीची गाडी येत होती.

मी हात दाखवला. गाडी थांबली. कंडक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, तिला पहिले पंधरा दिवस मीच गाडीवर शिकवलं होतं. तिनं घाई केली, गाडी आधीच लेट आहे. सून तशीच उभी. झबल्यांची बॅग तिच्याच खांद्याला, नात तिच्याच कडेवर. मी तिची पिशवी गाडीच्या दारात ठेवली.

"जाऊ मी?" तिनं विचारलं. "रडन ते."

"रडन तं रडन. पाळणाघर हाये, आजी हाये, मी हावो. तू वर चढ."

बायकोनं नातीला तिच्याकडून काढून घेतलं आणि झबल्यांची बॅग माझ्या गळ्यात अडकवली. सून चढली, पण फुटबोर्डवरच थांबली आणि मागे बघायला लागली. आत जाईना, खाली उतरेना. मी आयुष्यभर फुटबोर्डवर कुणाला थांबू दिलेलं नाही. मी दारातून आत हात घातला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ड्रायव्हरला काय माहीत कुणी ओढली? ती दचकून आत सरकली आणि गाडी निघाली. कंडक्टर पोरगी खिडकीतून ओरडली, की काका, तुम्ही रिटायर झाले ना. मी म्हटलं, घंटी नाही झाली.

आता प्रश्न पांढऱ्या गाडीचा. म्याडम दोन दिवस भांडून आणलेली गाडी रिकामी परत नेणार नव्हत्या. त्यांनी गावभर नजर फिरवली आणि ती मापाऱ्यावर थांबली. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि शस्त्रक्रिया फुकट होते हेही. तो दोन वर्षं टाळत होता. म्याडम म्हणाल्या, बसा. तो म्हणाला, वेचणी झाल्यावर. टोळीच्या बायांनी त्याला चढवलं, माझ्या बायकोनं दार लावलं. दवाखान्यात आधी त्याचं वजन घेतलं, आणि त्यानं नर्सला धोतर, टोपी आणि चपलेचा कडता काढायला सांगितला, असं तोच नंतर अभिमानानं सांगत असे.

मोबाईलचं मात्र मिटलं नाही. म्याडमनी नातीचं खरं वजन भरलं तर त्यानं ते घेतलं नाही. इतक्या थोड्या दिवसांत एवढं वजन वाढू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्या महिन्याअखेरपर्यंत माझी नात मोबाईलमध्ये लालच राहिली, आणि बाहेर दुसऱ्यांच्या ताटल्या पुसत राहिली. सेविकेनं काट्याजवळ खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुईवर दिसेल तेच वजन. मापाऱ्यानं डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर ते वाचलं आणि म्हणाला, असा धंदा बुडतो.

पण ते नंतरचं. त्या सकाळी गाडी वळणावर दिसेनाशी झाली, बाया वावरात गेल्या, बायको मला नात देऊन त्यांच्या मागे गेली. मी नातीला घेऊन पाळणाघरात आलो. ती रडत होती, आणि आमच्या घरची माणसं रडतात तेव्हा मनापासून रडतात. खिचडी नको, खेळण्यातला हत्ती नको, झोका नको. बाकीची लेकरं झोपली तरी ही मांडीवर ताठ बसून. मग मी थांबे म्हणायला लागलो. अकोट, चोहोट्टा बाजार, गांधीग्राम. तिचा आवाज जरा खाली आला. अकोला. बोरगाव मंजू. मूर्तिजापूर. हुंदके थांबले, पण डोळे उघडे. मी बडनेऱ्याला मुद्दाम जास्त वेळ थांबलो, तिच्या रोजच्या थांब्यावर. तिनं मान टाकली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पुढचं म्हणा म्हणून.

"अमरावती," मी म्हटलं. "आली अमरावती. उतरा."

तिनं मान वळवून दाराकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली.